आंबेडकरनगर कुठले?



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीरदान झाले आणि नेहमीप्रमाणे चार माणसे पायरीवर बसून राहिली. बोलता बोलता कुणीतरी विचारले, "तो आपला फिटर पोरगा आंबेडकरनगरला गेला होता, त्याचं पुढे काय झालं हो?" दुसरा म्हणाला, "कुठल्या आंबेडकरनगरला?" सगळे हसले. त्या मुलाची आई तिथेच भांडी विसळत होती, ती मात्र हसली नाही. तेव्हाच आम्ही ठरवले की या वेळी सदरात हीच हकीकत लिहायची. तिच्यात आमचाही दोष आहे, तोही सांगायचा.

गोष्ट २०२२ च्या मार्चातली. मुलगा आयटीआय झालेला, हात चांगला, पण काम कायमचे नाही. उत्तर प्रदेशात टांडा येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथल्या दुरुस्तीच्या कामासाठी एक ठेकेदार माणसे जमवत होता. तीन महिन्यांचे काम, राहण्याची सोय त्याच्याकडे, गेटपाससाठी ठरल्या तारखेला हजर व्हायचे. मोबाईलवर निरोप आला, त्यात पत्ता एवढाच : टांडा, अंबेडकर नगर. आईला कोण आनंद! पाण्याच्या नळावर तिने चार बायांना सांगितले, "बाबासाहेबांच्या नावाच्या गावाला चाललंय पोरगं." बचत गटातून तीन हजार रुपये उचलले आणि मुलगा नाक्यावरच्या तिकिटाच्या दुकानात गेला. दुकानदाराने आंबेडकरनगर असे टाकले, यंत्राने 'डॉ. आंबेडकर नगर' हे स्टेशन दाखवले आणि तिकीट निघाले.

ते तिकीट आम्ही पाहिले होते. आम्ही लिहिणारे-वाचणारे म्हणून माउली ते आमच्याकडे घेऊन आली. आम्ही चष्मा लावून नाव वाचले, तारीख वाचली, "मंगल हो" म्हटले आणि परत दिले. गाडी कुठल्या राज्यात जाते हे पाहण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही.

मुलगा उतरला तो मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या महूला. पाटीवर डॉ. आंबेडकर नगर असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले, त्यामुळे त्याला शंका येण्याचे कारणच नव्हते. बाहेर येऊन त्याने टांड्याची गाडी विचारली. एका भल्या माणसाने सांगितले, "धार चले जाओ, वहाँ से बस मिलेगी." तो माणूसही खोटे बोलत नव्हता, कारण धार जिल्ह्यातसुद्धा टांडा नावाचे गाव आहे! आपल्याकडे बंजारा बांधवांच्या वस्तीला तांडा म्हणतात, त्याच शब्दाचे हे उत्तरेतले रूप. तेव्हा टांडे किती असतील याचा अंदाज करावा. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात एक आहे, उत्तर प्रदेशातच रामपूर जिल्ह्यात आणखी एक आहे.

धारच्या बसस्टँडवरून त्याने ठेकेदाराच्या मुकादमाला फोन केला. "धार पहुँच गया, शाम तक आता हूँ." पलीकडून विचारणा झाली, "कौन सा धार? इधर तो कोई धार नहीं है." मग सगळा उलगडा झाला. मुलगा होता तिथून त्याला जायचे ते टांडा एका दिवस-रात्रीच्या प्रवासाइतके लांब होते. खिशात पैसे बेताचे. गेटपासची तारीख दुसऱ्या दिवशीची. त्याच्या जागी दुसरा माणूस लागला.

परत फिरताना तो महूला थांबला, जन्मभूमीच्या स्मारकावर गेला, रात्र स्टेशनवर काढली. घरी आल्यावर आई आधी रडली, मग डोळे पुसून तिने विचारले, "तिथं गेलास तर डोकं टेकवलंस का?" तो म्हणाला, "टेकवलं. पण पोटात काही नव्हतं, नीट बघितलंसुद्धा नाही."

बचत गटाचे हप्ते पुढे दहा महिने चालले.

आता ज्या एका वाक्यासाठी आम्ही हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो. मुलगा तिकिटाच्या दुकानात विचारायला गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुम्ही लोकांनी जिकडे तिकडे एकच नाव देऊन ठेवलंय, मग घोळ होणारच." मुलगा मान खाली घालून परत आला. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. आज बोलतो.

आधी दोन्ही आंबेडकरनगरे कशी झाली ते पाहू. महू ही इंग्रजांची लष्करी छावणी. सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्करी शाळेत शिकवीत होते आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म तिथे झाला. २००३ साली मध्य प्रदेश सरकारने गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर केले, पुढे रेल्वेनेही पाटी बदलली. स्थानिक लोकांच्या तोंडी अजून महू आहे. (महू म्हणजे इंग्रजीत लष्कराच्या युद्धमुख्यालयाची आद्याक्षरे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही, जवळच्या जुन्या गावावरून ते नाव पडले.) गंमत म्हणजे महू या जुन्या नावालाही जवळजवळ जुळे भावंड आहे. पूर्व उत्तर प्रदेशातले मऊ, विणकरांचे गाव.

दुसरे आंबेडकरनगर हे गाव नाही, जिल्हा आहे, आणि आमच्या मुलाचा घात झाला तो इथेच. मायावतींच्या पहिल्या सरकारने २९ सप्टेंबर १९९५ रोजी जुन्या फैजाबाद जिल्ह्यातून तो वेगळा काढला. त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अकबरपूर. राममनोहर लोहियांचा जन्म याच अकबरपूरचा. टांडा याच जिल्ह्यात, शरयूच्या काठी. तिथे वीजकेंद्र आहे आणि यंत्रमागही पुष्कळ आहेत. त्या भागातले विणकर कामासाठी आपल्या भिवंडी-मालेगावपर्यंत येतात. म्हणजे मुलाने तिकीट काढायला हवे होते ते अकबरपूरचे. आंबेडकरनगर जिल्ह्याला जाणाऱ्याने आंबेडकर नगरचे तिकीट काढायचे नाही, हे गरिबाच्या मुलाने ओळखायचे तरी कशावरून?

आणि अकबरपूर म्हटल्यावर तरी गोष्ट संपते का? नाही! उत्तर प्रदेशातच दुसरे अकबरपूर आहे, कानपूरच्या बाजूला. तेही जिल्ह्याचे ठिकाण, कानपूर देहात जिल्ह्याचे. मायावती १९९८, १९९९ आणि २००४ साली लोकसभेवर निवडून आल्या त्या अकबरपूर मतदारसंघातून. ते अकबरपूर पूर्वेकडचे. नंतर मतदारसंघांची फेररचना झाली, आणि २००९ च्या निवडणुकीपासून अकबरपूर हे नाव कानपूरकडच्या मतदारसंघाला गेले, पूर्वेकडच्या मतदारसंघाचे नाव आंबेडकरनगर झाले. जुनी कात्रणे वाचणाऱ्या अभ्यासकांचीसुद्धा इथे फसगत होते.

पण या दोन अकबरपुरांची एक हकीकत आपल्या फार थोड्या घरांत माहीत असेल. जुलै २०१० मध्ये कानपूर देहात जिल्ह्याचे नाव बदलून रमाबाई नगर करण्यात आले. म्हणजे एक अकबरपूर बाबासाहेबांच्या नावाच्या जिल्ह्याचे ठाणे आणि दुसरे अकबरपूर रमाईच्या नावाच्या जिल्ह्याचे ठाणे. दापोलीजवळच्या वणंद गावची मुलगी, दारिद्र्यात लेकरे गमावलेली, २७ मे १९३५ रोजी राजगृहात डोळे मिटलेली आपली रमाई. तिच्या नावाचा एक अख्खा जिल्हा या देशात होता. कचेरीच्या पाटीवर, सात-बाऱ्यासारख्या कागदांवर, मुलांच्या दाखल्यांवर तिचे नाव होते. दोन वर्षे होते. सरकार बदलले, आणि जुलै २०१२ मध्ये अखिलेश यादव यांच्या सरकारने ते पुसून पुन्हा कानपूर देहात केले.

त्याच वेळी एकूण आठ जिल्ह्यांची नावे गेली. रमाबाई नगर गेले, तसे भीमनगर जाऊन संभल आले, पंचशील नगरचे हापूड झाले, प्रबुद्ध नगरचे शामली, महामाया नगरचे हाथरस, ज्योतिबा फुले नगरचे अमरोहा, कांशीराम नगरचे कासगंज. छत्रपती शाहूजी महाराज नगरही गेले, तिथे आज अमेठी आहे. आम्ही हे वाचले तेव्हा राग आला, तो लपवत नाही. पण एक गोष्टही मान्य केली पाहिजे. यांतली काही नावे लोकांच्या तोंडी बसायच्या आतच गेली. बाजारात बसलेला माणूस हापूडच म्हणत होता. मंत्रालयातून आलेले नाव मंत्रालयातूनच परत गेले. १९९५ चे आंबेडकरनगर मात्र टिकले, सतरा वर्षांत ते माणसांच्या सवयीचे झाले होते.

याउलट आपल्या वस्त्यांची नावे पाहा. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरला हे नाव कुठल्या सरकारने दिले नाही, तिथे झोपड्या बांधणाऱ्या माणसांनी दिले. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर तिथे पोलिसांनी गोळ्या चालवल्या, दहा माणसे गेली. नाव गेले नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण काय काय सोसले हे वाचकांना सांगायला नको.

तर दुकानदाराचे वाक्य. एकच नाव जिकडे तिकडे! आम्ही त्यांना विचारतो, शिवाजीनगर किती आहेत? महात्मा गांधी रस्ता नाही असे शहर दाखवा. हिमाचलात बिलासपूर आहे, छत्तीसगडातही बिलासपूर आहे. हमीरपूर हिमाचलातही आहे आणि उत्तर प्रदेशातही. प्रतापगड उत्तर प्रदेशात आहे, राजस्थानात आहे आणि आपला किल्ला साताऱ्यात आहे. त्यांना कुणी म्हणत नाही की तुम्ही लोकांनी घोळ घातला.

लांब कशाला जायचे? महाराष्ट्रातच पाहा. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. मालेगाव नाशिकचे आणि वाशिमचे. कळंब धाराशिवचे आणि यवतमाळचे, आष्टी बीडची आणि वर्ध्याची, सेलू परभणीचे आणि वर्ध्याचे. खेड रत्नागिरीत आहे, पुण्याच्या खेडचे राजगुरुनगर झाले तरी तालुका खेडच म्हणवतो. वडगाव आणि पिंपळगाव तर मोजायच्या भानगडीत कुणी पडू नये. जुन्या माणसांनी यावर तोड काढली होती. मोठे ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. हे फारसी शब्द आपल्या गावागावांत मुरले. कुठे पिंपळगाव बसवंत, कुठे पिंपळगाव हरेश्वर. नावाला शेपूट जोडले की काम भागते. खुद्द बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पुष्कळ पुस्तकांत ते आंबवडे असे छापले जाते, आणि आंबवडे नावाची गावे सातारा जिल्ह्यातही आहेत. तिथे जाऊन कुणी बाबासाहेबांचे घर विचारले तर बिचारे गावकरी काय सांगतील?

आता मुख्य गोष्ट. भीमनगर, सिद्धार्थनगर, आंबेडकरनगर, रमाबाईनगर ही नावे सगळीकडे एकसारखी का आहेत? त्यांच्या आधी जे नाव होते तेही सगळीकडे एकसारखेच होते म्हणून. गाव कोणतेही असो, विदर्भातले की कोकणातले, गावकुसाबाहेर वस्ती एकच : महारवाडा. मांगवाडा, चांभारवाडा. हजारो गावांत एकच नाव होते, तेव्हा कुणी तक्रार केली नाही की घोळ होतो. घोळ व्हायला तिथे पत्र यावे लागते, पाव्हणा यावा लागतो, नोकरीचा कागद यावा लागतो. तिथे येत होता तो फक्त कामाचा हुकूम, आणि तो सांगणारा उभ्या उभ्या ओरडून जात होता. पत्ता हवा कशाला?

आमच्या आजीला तिचा पत्ता विचारला की ती गावाचे नाव सांगे आणि गप्प होई. पुढचे नाव तिला सांगायचे नसे. आमच्या वडिलांच्या पिढीने १९५६ नंतर वस्तीच्या तोंडाशी निळी पाटी ठोकली आणि पुढचे नाव मोठ्याने सांगायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तीला वेगळे, नवे, शोभिवंत नाव शोधत बसायला त्यांना सवड नव्हती. जे नाव ओठांवर होते ते दिले. महाराष्ट्र सरकारलाही डिसेंबर २०२० मध्ये निर्णय करावा लागला की वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकायची, त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची. म्हणजे भीमनगरे अजून वाढणार आहेत. वाढू द्या.

पण म्हणून आमच्या मुलाचे काम गेले ते परत येत नाही. नाव अभिमानाने घ्यायचे आणि पत्ता अर्धवट लिहायचा, ही आपली सवय वाईट आहे. पूर्वी आमच्याच शहरात तीन भीमनगरे होती, आज पाच आहेत. एका मुलीचे नर्सिंगच्या मुलाखतीचे पत्र स्टेशनपलीकडच्या भीमनगरात आठ दिवस पडून राहिले. पोस्टमनला दोष देऊन काय करणार? पाकिटावर भीमनगर आणि शहराचे नाव, एवढेच होते. पिनकोडची जागा कोरी.

हा पिनकोड नेमका याच दुखण्यावरचे औषध आहे, आणि ते काढणारा माणूस मराठी. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात इतक्या भाषा, इतक्या लिप्या, त्यात एका नावाची पाच-पाच गावे, म्हणून त्यांनी सहा आकड्यांची ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो. आपला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा ४, उत्तर प्रदेशाचा २. नऊ आकड्याने सुरू होणारा कोड सैन्याच्या टपालाचा. पुढचे दोन आकडे विभाग बारीक करत नेतात आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस दाखवतात. महूचा कोड ४५३४४१. आंबेडकरनगर जिल्ह्यातल्या अकबरपूरचा २२४१२२. कानपूरकडच्या अकबरपूरचा २०९१०१. मुलाने ठेकेदाराकडे फक्त पिनकोड मागितला असता आणि आम्ही तिकिटाशी ताडून पाहिला असता, तर पहिल्याच आकड्यावर चूक सापडली असती.

यात्रेला जाणाऱ्या उपासक-उपासिकांनाही सांगून ठेवतो. उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगर जिल्हा आहे (१९८८ सालचा) आणि गौतम बुद्ध नगर जिल्हाही आहे (१९९७ सालचा). नाव एकाच तथागताचे, पण दोन्हींत फार मोठे अंतर. सिद्धार्थनगर नेपाळच्या सीमेवर, तिथे पिप्रहवाचा स्तूप, तिथून लुंबिनी जवळ. गौतम बुद्ध नगर म्हणजे दिल्लीला चिकटलेले नोएडा, कारखाने आणि उंच इमारती. एका उपासिकेच्या जावयाला तिथे नोकरी लागली तेव्हा तिने आम्हाला विचारले होते, "तिथं दर्शनाला कुठला स्तूप आहे?" आम्ही सांगितले, स्तूप नाही, पण बाबासाहेबांचे आणि कांशीरामजींचे पुतळे असलेले मोठे प्रेरणास्थळ २०११ साली झाले आहे, ते जरूर पाहा.

दाखल्यांचे काम असेल त्यांनी जास्त सावध राहावे. जात पडताळणीला आजोबांचे गाव लागते. जुन्या शाळेच्या दाखल्यावर नुसते वडगाव असेल तर तालुका आणि जिल्हा कुठल्या तरी दुसऱ्या जुन्या कागदावरून जुळवून ठेवा, आणि तेही प्रवेशाच्या आधी. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करू नका. २०१२ पूर्वी उत्तर प्रदेशात कुणाचे लग्न झाले असेल आणि कागदावर पंचशील नगर किंवा रमाबाई नगर असेल, तर तो कागद टाकून देऊ नका. नाव बदलल्याच्या सरकारी आदेशाची प्रत सोबत जोडा.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी आजवर नुसते भीमनगर अशी पाटी होती. त्या पौर्णिमेला पायरीवरच ठरले की नवी करायची. पेंटरने अक्षरामागे भाव सांगितला. वॉर्ड, रस्ता, तालुका, जिल्हा आणि सहा आकडे धरून हिशेब वाढला तेव्हा एकाने सुचवले की तालुका गाळू. त्या फिटर मुलाची आई म्हणाली, "काही गाळायचं नाही. कमी पडले तर माझ्याकडून घ्या." पैसे तिच्याकडून घेतले नाहीत, घरटी वीस रुपये काढले. मुलगा सध्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर आहे. पाटीसाठी लोखंडी चौकट त्यानेच सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग करून दिली. येत्या रविवारी ती लागेल. ज्यांच्या रेशनकार्डावर पिनकोड चुकीचा आहे त्यांनी कार्ड घेऊन सकाळी दहाला विहारात यावे, आम्ही अर्ज लिहून द्यायला बसणार आहोत.